खंडेनवमीला कापलेल्या तारा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी नरसम्मा हे नाव सांगतो. ऐकणाऱ्याला ते नाव परकं वाटतं, माझ्या आडनावाशी त्याचा मेळही बसत नाही, म्हणून मग सगळंच सांगावं लागतं. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या, जातीतल्या नव्हत्या, त्यांची घरातली भाषाही माझी नव्हती. सोलापुरात पूर्व भागातल्या एका गल्लीत त्यांच्या घरामागं पत्र्याची एक खोली होती आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती मला राहायला मिळाली, एवढाच आमचा संबंध. मी सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. माझ्या आधी आमच्या घरात कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. त्या तेलुगू बोलणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसणाऱ्या घरातल्या. मी त्यांना अक्का म्हणायला लागलो आणि त्या मला तम्मी म्हणायला लागल्या. तम्मी म्हणजे धाकटा भाऊ, हे मला त्यांच्या मुलीनं, रेणुकानं सांगितलं. ती तेव्हा सातवी-आठवीत असेल. अक्का म्हटल्यावर त्यांचे यजमान मल्लेशम हे आपोआप दाजी झाले.

घराचा पुढचा भाग म्हणजे मागाची खोली. दोन यंत्रमाग आणि त्यांच्यामधून एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. त्यावर टॉवेल निघायचे. गावाकडं मी कळपातल्या घंटेच्या आवाजानं झोपायचो, इथं धोट्याच्या आवाजानं झोपायला शिकलो. धोटा म्हणजे आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं धावणारी ती लाकडी होडी, दोन्ही टोकांना तिला लोखंडी टोकं असतात. पहिले काही दिवस माझं डोकं ठणकायचं. नंतर असं झालं की वीज गेली आणि माग थांबले की मी दचकून उठायचो. त्या आवाजात कुणी कुणाशी तोंडानं बोलत नसे. अक्का दारातून हाताची नुसती ओंजळ करायच्या, दाजींना कळायचं चहा झालाय. दाजी भुवई उचलायचे, अक्कांना कळायचं धोट्यातला दोरा संपलाय, भरलेल्या कांड्या आणा. माणसं एकमेकांशी इतकं कमी बोलून इतकं समजू शकतात, हे मी त्या घरात पाहिलं. लग्नानंतर मी ते माझ्या घरात करायला गेलो, तर बायको म्हणाली, "भुवया कसल्या उडवताय, काय हवंय ते सांगा."

खोलीबरोबर जेवण ठरलं नव्हतं. पण मी स्टोव्हवर पहिली खिचडी करपवली, त्या वासानं अक्का मागच्या दारी आल्या, पातेल्यात बघितलं आणि म्हणाल्या, "हे कुणाच्या मेंढीला घालायचं हाय?" त्या दिवसापासून माझं ताट त्यांच्याकडं. सकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, रात्री भात आणि आंबट वरण. अंबाडीची भाजी आमच्याकडंही व्हायची, पण त्या अंबाडीला गोंगुरा म्हणायच्या आणि तिची अशी झणझणीत चटणी वाटायच्या की मी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसायचो. रेणुका हसायची. दाजी म्हणायचे, "पोराला डोळ्यातनं पाणी काढाय लावती आणि वर म्हणती जेव."

आता सायकलीकडं येतो. आमच्या कॉलेजच्या जाधव सरांनी मला एकदा जुन्या डबल-बारच्या सायकलवरून वाऱ्याच्या विरुद्ध येताना पाहिलं आणि थांबवून विचारलं, "कुठल्या गावचा रे? पाय कशानं असे झाले?" मी म्हणालो, "मेंढरांमागं." सर स्वतः तरुणपणी शर्यतीत उतरलेले. त्यांनी आपल्या घरातली जुनी रेसिंग सायकल मला वापरायला दिली. खाली वळलेल्या हँडलची, एडक्याच्या शिंगांसारखी. ब्रेकच्या दांडीतच गिअर बदलायची कळ. मी ती घरी आणली तेव्हा अक्का तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "ही कुणाला शिंग मारायला निघालीय?"

सर सायकल तशीच देऊन मोकळे झाले नाहीत. एका रविवारी त्यांनी मला त्यांच्या अंगणात बसवून तिच्या गिअरच्या तारा पूर्ण काढायला लावल्या आणि पुन्हा ओवायला लावल्या. तार ब्रेकच्या दांडीतून निघते, काळ्या नळीत शिरते, नळी हँडलच्या वळणाला चिकटून, पट्टीच्या आत लपून मध्यापर्यंत येते, तिथून बाहेर पडून सायकलीच्या तोंडासमोर एक गोल वळण घेते आणि मग उघडी होऊन तिरक्या नळकांड्याखालून मागं चाकापर्यंत जाते. ऐकायला सोपं आहे. नळी जरा लांब राहिली तर ती समोर केसांच्या बटेसारखी लोंबते. जरा आखूड झाली तर हँडल वळवलं की तार ताणते आणि गिअर आपोआप पडतो. पट्टीखाली नळीला गाठ किंवा मोड राहिला तर तळहाताला टोचतो आणि तार आत अडकते. सरांचं एकच म्हणणं, तार दिसू नये आणि अडू नये. मी ती तीनदा काढून घातली तेव्हा सर "हं" म्हणाले. आता माझ्या पुतण्याकडं नवी सायकल आहे, तिच्या तारा बाहेरून दिसतच नाहीत, सगळ्या सांगाड्याच्या पोटातून जातात. छान दिसते. पण मला उगीच वाटतं, त्याला आपल्या सायकलीची ओळख व्हायची राहून गेली.

त्या संध्याकाळी दाजी मागावरून उठले, हात पुसत सायकलीपाशी आले आणि हँडलपासून मागच्या चाकापर्यंत बोट न लावता नजरेनं ती तार धरून गेले. मग अक्कांना तेलुगूत काहीतरी म्हणाले. मी रेणुकाकडं पाहिलं. वडिलांना ती नायना म्हणायची. ती म्हणाली, "नायना म्हणतेत, ह्येचा हात कारागिराचा हाय." दाजी कुणाचं सहसा कौतुक करत नसत. मी त्या रात्री झोपेपर्यंत आपले हात बघत होतो.

माझं कॉलेज मात्र दिवाळीपर्यंतचंच होतं. दिवाळी झाली की आमची मेंढरं चाऱ्यासाठी बाहेर पडतात. थोरला भाऊ वेगळा राहायला लागला होता आणि वडिलांना एकट्याला कळप झेपत नव्हता. ते म्हणाले होते, "दिवाळीपत्तूर बघ. मग तू लागशील." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं मला वाद घालायलाही जागा नव्हती. सर स्वतः एसटीनं गावाला गेले, आमच्या मेंढरवाड्यावर, मेंढरांच्या मधोमध बसून वडिलांशी बोलले. विद्यापीठाच्या सायकलिंगच्या संघात आला तर राहणं, जेवण, फी, सगळं विद्यापीठ बघेल. वडिलांनी बराच वेळ विचार करून सांगितलं, "तसं झालं तर मी गडी लावतो. न्हाय झालं तर मग काय न्हाय." संघ निवडायची शर्यत दसऱ्याच्या सकाळी ठेवली होती, कारण त्या दिवशी रस्त्यावर मालट्रक कमी असतात. हे सगळं अक्कांना, दाजींना माहीत होतं. मी न सांगताही कळलं असतं, मला त्या दिवसांत जेवण जात नव्हतं.

दसऱ्याच्या आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. त्या आधी घरात बतकम्मा झालेली, तरवडाच्या पिवळ्या फुलांचे रचलेले थर, त्याभोवती गल्लीतल्या सगळ्या बायकांची गाणी. ती फुलं अजून कोपऱ्यात सुकत होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते हे मला माहीत होतं, आमच्याकडं कुऱ्हाड आणि लोकर कातरायची कात्री पूजतात. त्या घरात मात्र एक जास्तीची रीत होती. त्या दिवशी घरातलं कुठलंच हत्यार ताणलेलं ठेवायचं नाही. मागाचा ताणा, म्हणजे त्यावरचे उभे दोरे, ढिला करायचा, शिलाई मशिनचा पट्टा उतरवायचा, अगदी वाळत घालायची दोरीसुद्धा सोडून गुंडाळून ठेवायची. वर्षभर ओढ सोसलेल्या वस्तूंना एक दिवस मोकळं करायचं, धुवायचं, हळदकुंकू लावायचं. दसऱ्याची पूजा होईपर्यंत मग त्यांना हात लावायचा नाही. ही रीत त्या घरात नुसती रीत नव्हती. दाजींच्या थोरल्या भावानं एका खंडेनवमीला घाईच्या मालासाठी माग चालू केला, धोटा मागातून उडाला आणि त्यांचा डोळा गेला. हे मला अक्कांनी सांगितलं होतं, दाजींनी कधीच नाही.

त्या दिवशी सरांनी सगळ्या मुलांना कॉलेजवर बोलावलं होतं, पाठीवर लावायचे नंबर द्यायला आणि रस्ता समजावून सांगायला. सायकल उद्यासाठी ताजी राहावी म्हणून मी चालत गेलो. दुपार कलल्यावर परत आलो. गल्लीत शिरल्याबरोबर कानाला काहीतरी चुकल्यासारखं झालं. सगळ्या गल्लीतले माग बंद होते. तसं ते असणारच होतं. मी मागाच्या खोलीत गेलो. माग धुऊन पुसून ठेवलेले, त्यांच्यावर झेंडूच्या माळा. त्या दोन मागांच्या मधल्या वाटेत माझी सायकल उभी होती. नव्यासारखी चकचकीत. सीटवर झेंडूचं फूल, पुढच्या चाकाला कुंकवाची बोटं. हँडलवरची पट्टी उलगडून धुऊन काढलेली, उघडं हँडल हाडासारखं दिसत होतं. सायकलीपुढं पितळेच्या ताटात, पक्कड आणि कात्रीच्या शेजारी, काळ्या नळ्या आणि गिअरच्या तारा सुताच्या लडीसारख्या नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. मी खाली वाकलो. तारांची टोकं मला दिसली. दोन्ही तारा मधोमध कापलेल्या होत्या.

 मी मागाच्या लाकडाला धरलं. मागून दाजी आले. नवं धोतर, कपाळाला गंध. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला त्यांच्याकडं बघवेना. ते म्हणाले, "तुझीबी सायकल औंदा मागाबरोबर बसवली, तम्मी. ह्या घरात भायेरचं हत्यार आजवर कुणी बसवलं न्हाई."

मी म्हणालो, "दाजी, तारा."

"ताण सोडला त्यांचा. ब्रेकच्या सुटल्या, ह्या दोन सुटंनात. तुझा पाना घावला न्हाई. मग कापल्या." आणि माझ्याकडं बघून घाईनं म्हणाले, "भिऊ नको. पहाटं पूजा लवकर उरकतो. सांधून देतो मी. माझा हात बघितलास की तू."

त्यांचा हात मी बघितला होता. जुना ताणा संपला की नव्या ताण्याची हजारो टोकं जुन्याला जोडावी लागतात. राखेत बोट बुडवून दोन टोकं एकत्र घ्यायची, एक पीळ द्यायचा, पुढं जायचं. दोरा तुटणं ही त्यांच्या आयुष्यात वाईट गोष्ट नव्हतीच, दिवसभर तेच चालायचं. तुटलं की सांधायचं. त्यांनी माझी तार कापली तेव्हा त्यांच्या मनात यापलीकडं काही आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. मी म्हणालो, "दाजी, ही सांधत नाही. पोलादाची हाय."

"तार काय, दोरा काय," ते म्हणाले.

अक्का आणि रेणुका दारात येऊन उभ्या होत्या. नळ्या कापताना एक बोटभर तुकडा गळून खाली पडला होता, त्यात तारेचा तुकडा होता. पूजेत नसलेला. दाजींनी त्यातली तार ओढून काढली, पुन्हापुन्हा वाकवून मधे तोडली, चुलीतली राख बोटाला लावली आणि दोन टोकांना पीळ दिला. तार उसळून सरळ झाली. त्यांनी पुन्हा पीळ दिला, जोर लावून. बोटातून रक्ताचा थेंब आला. तार पुन्हा सरळ झाली. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतीच ती दोन टोकं समोरासमोर धरली आणि बघत राहिले. त्या माणसाचा चेहरा त्या वेळी कसा झाला, ते मला आजही नीट लिहिता येत नाही. आपल्या हाताला न जुळणारा दोरा जगात असतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. ते हळूच म्हणाले, "ह्याला गाठ बसंना की गं."

मी कोपऱ्यावरच्या बूथवरून सरांच्या मोबाइलवर फोन केला. सर शर्यतीच्या रस्त्यावर चुना मारून घेत होते. त्यांना आधी खरंच वाटेना. "कुणी कापली? वैऱ्यानं?" मी म्हणालो, "नाही सर, पूजेसाठी." सरांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "गावात गिअरची तार आज कुठं मिळणार नाही. माझ्या घरी जा, माझ्या सायकलीची मागची काढून घे. पुढची तुटकी आहे. मागच्यावर भागव." मी सरांच्या घरी जाऊन ती तार आणि नळी काढून घेतली. परत येईपर्यंत दिवेलागण झाली होती.

आता प्रश्न सायकलीचा होता. ती पूजेत बसलेली. पहाटे उचलून तार ओवायची, नळी बसवायची, गिअर जुळवायचे आणि उजाडायला तुळजापूर रस्त्यावर हजर व्हायचं, हे होण्यातलं नव्हतं. दाजी मागाला टेकून खाली बसले होते. मी तार हातात घेऊन उभा राहिलो, आणि मला माझ्याच तोंडून ऐकू आलं, "राहू दे अक्का. पुढल्या वर्षी बघू."

अक्कांनी विचारलं, "पुढल्या वर्षी तू हितं असशील का?"

 दाजी मान वर न करता म्हणाले, "मी मोडली असती गं रीत. पण माझ्यानं हात जात न्हाई. अण्णाचा डोळा दिसतो."

अक्का मोरीवर गेल्या. पाण्याचा आवाज आला. परत आल्या, पदर खोचला, चपला नव्हत्याच पायात, सरळ मागांच्या मधल्या वाटेत शिरल्या. दाजींनी फक्त "नरसा" एवढंच म्हटलं. दाजींनी अक्कांना नावानं हाक मारलेली मी तोवर ऐकली नव्हती. रेणुकानं माझा शर्ट धरला. अक्कांनी ताटातली पक्कड उचलून कमरेला लावली. मग एक हात सीटखाली आणि एक त्या उघड्या हँडलवर घालून सायकल उचलली आणि मागं मागं येत बाहेर काढली. सीटवरचं फूल पडलं, ते त्यांनी वाकून उचललं आणि मागावर ठेवलं. माझ्यासमोर सायकल उभी करून म्हणाल्या, "हात माझा. तुमचा न्हाई, पोराचा न्हाई. काय व्हायचं ते ह्या हाताला होईल." दाजी उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

पुढचं काम आम्ही तिघांनी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत केलं. ब्रेकच्या तारा नुसत्या सोडलेल्या होत्या, त्या मी आधी ताणून घेतल्या. सरांच्या तारेचं टोक पिंजारलं होतं, नळीत शिरेना. अक्कांनी मेणबत्ती घेतली, टोकाला मेण चोळून दोन बोटांत फिरवलं, बोटाला सायकलीवरचं कुंकू लागलेलं, त्यामुळं टोक लाल झालं, आणि ते आत गेलं. नळी हँडलला लावताना त्या ओढून घट्ट करायच्या आणि मी सैल करायचो. शेवटी मी म्हणालो, "अक्का, हँडल वळवून बघा." त्यांनी वळवलं, समोरची नळी ताठ झाली, मागं गिअर खट्‌कन पडला. "अस्सं," त्या म्हणाल्या. "आमच्या मागावर ढिला दोरा दिसला तर माल नेणारा शिव्या घालतो. तुझी सायकल लई लाडाची, तिला ढिलं पायजे." तेवढं एकदाच त्या दिवशी आम्ही हसलो. धुतलेली पट्टी ओली आणि आखडलेली होती. रेणुकानं टॉवेलचा कापून पडलेला लाल काठ आणला आणि आम्ही तोच हँडलवर गुंडाळला. आतली नळी कुठं टोचत नव्हती. मी पुनःपुन्हा तळहात फिरवून पाहिला. त्याहून नीट तार मी नंतर कधी ओवली नाही.

सकाळी सरांनी ते लाल हँडल पाहिलं. "हे काय, नवरदेवाची सायकल आणलीस होय रे?" म्हणाले. पण वाकून तार पाहिली, हँडल दोन्हीकडं वळवलं आणि पाठीवर हात ठेवला. शर्यतीबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. पुढचे गिअर नव्हते, साखळी हातानं मोठ्या चक्रावर चढवून ठेवली होती, ती तिथंच राहिली. चढाला मांड्या फाटल्यासारख्या झाल्या. परत फिरायच्या वळणावर दोन मुलं माझ्यासमोर पडली आणि मी त्यांच्यामधून निघालो. मी तिसरा आलो. संघात घेतलं. सरांनी यादीत नाव लिहिताना मी पाहिलं.

मी पेडल मारत घरी आलो ते आनंदात. सगळी गल्ली गजबजली होती. घरोघरी पूजा होऊन नारळ फुटले होते आणि एकेक माग चालू होत होता. आमच्या दारापाशी आलो आणि पायच थांबले. आमच्या घरातून आवाज येत नव्हता. अक्कांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं, जवळ घेतलं, साखर भरवली. दाजींनी आपट्याचं पान हातात दिलं आणि डोक्यावर हात ठेवला. पण माग चालू केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माल नेणारा माणूस येऊन विचारून गेला. दाजी त्याला म्हणाले, "तब्येत बरी न्हाई." माझ्यावर ते रागावले नव्हते, अक्कांवरही नव्हते. भीती होती ती धोट्याची. ते मागासमोर यायचे, कळीला हात लावायचे आणि तसेच परत जाऊन पायरीवर बसायचे. आजूबाजूला शंभर माग धडधडत होते आणि मधे आमचं घर बहिरं झाल्यासारखं पडलं होतं. अक्का मात्र रोज कांड्या भरत होत्या. टोपल्या भरून कांड्या रांगेत ठेवल्या होत्या आणि त्या घ्यायला कुणी येत नव्हतं. मला संघाच्या सरावासाठी विद्यापीठाच्या गावी, तिथल्या वसतिगृहात जायचं होतं. मी त्या शांततेत माझी पेटी बांधली. अक्कांनी गोंगुऱ्याची चटणी बांधून दिली. मी मागाकडं बघितलं, त्यांनी माझं तोंड हातानं दुसरीकडं वळवलं. "तू पुढं बघ," म्हणाल्या.

वसतिगृहात काही दिवसांनी कार्यालयातून बोलावणं आलं, फोन आहे. रेणुका होती, शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून. ती म्हणाली, "बिरूमामा, ऐक." आणि तिनं फोन कुठंतरी धरला. आधी नुसती खरखर. मग खटाक्‌ खट, खटाक्‌ खट.  "कुणी चालू केला?" मी ओरडून विचारलं. "अम्मानं. नायना पायरीवर बसल्ते. ती आत गेली, त्याच हातानं कळ ओढली आणि मागासमोर तोंड करून हुबी राहिली. धोट्याच्या वाटंत. हलली न्हाई." मी विचारलं, "मग?" रेणुका म्हणाली, "मग काय न्हाई. नायनानं लई वेळ बघितलं. मग येऊन तिला बाजूला केलं आणि दुसरा माग लावला."

आमच्या घरात बाई माग चालू करत नसे, त्यातही दसऱ्याच्या पूजेनंतरचा पहिला. मी आमच्या घरात असं लिहून गेलो. राहू दे तसंच. त्या धोट्यानं एक डोळा नेला होता, आणि अक्का त्याच्या वाटेत तोंड करून उभ्या राहिल्या. त्या दिवशी मी सरावाला गेलो नाही. दिवाळीला गावी गेलो, वडिलांनी गडी लावला होता, मी आईला सगळं सांगितलं. परत आल्यावर अक्कांना पत्र लिहिलं. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, रेणुका वाचून दाखवेल हे माहीत होतं. मी आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं पत्र. कच्चा कागद माझ्याकडं राहिला, तो असा:

"ती. अक्कांना बिरूचा नमस्कार.

मी इथं बरा आहे. जेवण मिळतं, पण वरणाला आंबटपणा नाही. पुढच्या महिन्यात बाहेरच्या राज्यात शर्यत आहे. सरांनी नव्या तारा आणून दिल्या, पुढची आणि मागची दोन्ही. मीच ओवल्या.

रेणुकानं फोनवर माग ऐकवला. तुम्ही समोर उभ्या राहिलात हे ऐकून मला भीती वाटली. अक्का, असं परत कधी करू नका. मला तुमच्याशी भांडायचं नाही, पण एवढं ऐका. दाजींना सांगा, सायकल मागाशेजारी बसवली म्हणून मी त्यांचा राग धरला नाही. आमच्याकडं मला इतका मान अजून कुणी दिलेला नाही. तार कापली ती कापली.

मी आईला तुमचं सांगितलं.  तिनं मेंढरं आत घातली, भाकरी केली आणि मग म्हणाली, ती बाई कशी दिसती? मी सांगितलं. मग रात्रभर ती जागीच असावी. सकाळी तिनं पेटीतलं घोंगडं काढलं. त्याचं सूत तिनं स्वतः काढलंय, माझ्या लग्नात द्यायला म्हणून ठेवलं होतं. म्हणाली, हे त्या बाईला दे, तुझ्या बायकोला मी दुसरं करीन.

ते गणपा नावाच्या माणसाबरोबर पाठवतोय. तो आमच्या गावचा, सोलापूरच्या बाजाराला येतो. नवीन आहे म्हणून मागावर ठेवून त्याला कुंकू लावू नका. थंडी पडली आहे. अंगावर घ्या.

तुमचा तम्मी,
बिरू"